ताणाखालचा उंदीर : वर्तन, संप्रेरके आणि नैराश्यावरची औषधे

प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर रात्री जागतो. संध्याकाळी दिवे मालवण्याची वेळ जवळ आली की त्याच्या रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक चढत जाते आणि सकाळी ते तळाला असते. माणसात हेच काम करणारे संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. ते पहाटे जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते. एका गटातल्या उंदरांचे रक्त सकाळी दहाला आणि दुसऱ्या गटातल्यांचे संध्याकाळी सहाला घेतले, तर दोन आकड्यांतला फरक औषधाने पडला की घड्याळाने, हे कोणालाही सांगता येणार नाही. रक्त घेण्याची क्रियाही निर्दोष नसते. पिंजऱ्याला हात लागल्यापासून साधारण तीन मिनिटांत नमुना हाती आला नाही, तर पकडले जाण्याचा ताणच त्या नमुन्यात उतरू लागतो. ताणाखालच्या उंदरांवर नैराश्यावरची औषधे तोलून पाहण्याच्या शास्त्रात वेळ अशी पहिल्या मिनिटापासून मधे येते आणि औषधा-औषधांतले खरे फरकही बहुतेक वेळा तिच्याच मापाने उघड होतात.

नावाचा एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत रॅट आणि माऊस या दोन्ही प्राण्यांना उंदीरच म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र ती दोन वेगळी जनावरे आहेत : माऊस पंचवीस-तीस ग्रॅमचा, तर पूर्ण वाढलेला रॅट पाव किलो किंवा त्याहून जड. येथे उंदीर म्हणजे रॅट. माऊसवरच्या प्रयोगाचा उल्लेख आला तर तसे सांगितले आहे.

ताण हा शब्द वैद्यकात रूढ झाला तो उंदरांमार्फत. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये वेगवेगळे अर्क उंदरांना टोचत होते. अर्क कोणताही असो, तीच तीन लक्षणे दिसत : मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठराला व्रण. थंडी, जखम, अति श्रम यांनीही तेच घडत होते. १९३६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी हे निरीक्षण छोट्या टिपणाच्या रूपाने मांडले. शरीराला इजा कशाने झाली याला महत्त्व नसून तिला मिळणारे उत्तर एकच असते, हा त्यांचा मुद्दा पुढे अनेक ठिकाणी दुरुस्त करावा लागला. अधिवृक्क ग्रंथीवर त्यांनी ठेवलेले बोट मात्र अचूक होते.

ही ग्रंथी स्वतःच्या मर्जीने चालत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचा निरोप पीयूषिका ग्रंथीकडे जातो. पीयूषिका एसीटीएच रक्तात सोडते आणि ते पोहोचले की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिकोस्टेरॉन स्रवते. हे शेवटचे संप्रेरक रक्तातून पुन्हा मेंदूत येते आणि वरचा निरोप थांबवते. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरत आले की बॉलकॉक उचलला जाऊन नळ बंद होतो, तशी ही योजना आहे. फरक इतकाच की मेंदूच्या टाकीला दोन बॉलकॉक आहेत. कॉर्टिकोस्टेरॉनला बांधून घेणारी ग्राही प्रथिने दोन प्रकारची असतात, एमआर आणि जीआर. एमआरची पकड जीआरपेक्षा सुमारे दहापट घट्ट असल्याने शांत वेळच्या थोड्याशा संप्रेरकानेही ती बरीचशी भरतात. जीआर भरू लागतात ती ताणात किंवा रोजच्या चढाच्या वेळी. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात दोन्ही प्रकार दाटीने आढळतात. म्हणून तो भाग ताणाचा लगामही आहे आणि ताणाचे भक्ष्यही.

तीव्र नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांत हा लगाम सैल झालेला असतो. डेक्सामेथासोन हे कृत्रिम संप्रेरक दिल्यावर निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल खाली येते, या रुग्णांचे येत नाही. सगळ्या रुग्णांत असे घडत नसल्याने रोगनिदानाची चाचणी म्हणून तिचा निभाव लागला नाही. पण तिच्यामुळे नैराश्यावरचे औषध वर्तन सुधारते तेव्हा हा लगामही पूर्ववत होतो का, आणि होत असेल तर दोन्हींत आधी काय घडते, हे विचारणे भाग पडले. माणसाचा मेंदू उघडून हे पाहता येत नाही. म्हणून उंदीर.

या कथेच्या उगमाशी मुंबई आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा उपयोग १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि आयुर्वेदाला परिचित असलेली ही वनस्पती जगभरच्या रुग्णालयांत पोहोचली. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२ साली बासेलच्या सीबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले होते. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात अशा नोंदी येऊ लागल्या. जनावरांना ते टोचल्यावर पाठीला पोक काढून, पापण्या मिटून ती एका जागी बसत, अंग थंड पडे आणि मेंदूतला सेरोटोनिनचा व नॉरअॅड्रेनॅलिनचा साठा रिता झालेला सापडे. माणसातली ती खिन्नता वाटली तितकी सार्वत्रिक नव्हती, असे नंतरच्या फेरतपासणीत दिसले. पोक काढून बसलेला उंदीर मात्र औषधशास्त्राला एक चाचणी देऊन गेला : त्याला पुन्हा हिंडता करील ते रसायन नैराश्यावर चालण्याची शक्यता.

त्याच दशकात दोन औषधे अनपेक्षितपणे हाती आली. क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिडने रुग्णांची मनःस्थिती उजळते, हे न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी तपासले. स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी १९५७ साली इमिप्रामिनचे परिणाम प्रसिद्ध केले. पहिले औषध सेरोटोनिन व नॉरअॅड्रेनॅलिन मोडणाऱ्या विकराला अडवते, दुसरे ही द्रव्ये पेशीत परत शोषली जाऊ देत नाही. रेसर्पिनने मरगळलेली जनावरे दोन्हींच्या साहाय्याने सावरतात.

या कथेत मुंबई पुन्हा येते ती गोरेगाव या उपनगरामुळे. तिथे १९६३ साली सीबाचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि रसायनतज्ज्ञ टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक झाले. या केंद्रात तयार झालेल्या रेणूंच्या क्रमांकांना शेवटी 'गो' हे अक्षर जोडलेले असे, गोरेगावचे आद्याक्षर. नायट्रॉक्साझेपिन हा त्यांतलाच एक रेणू. इमिप्रामिनप्रमाणेच तीन वलयांच्या कुळातला, पण तोंड कोरडे पडण्यासारखे त्रास त्या मानाने कमी करणारा. १९८०च्या दशकाच्या आरंभी तो 'सिंटामिल' या नावाने भारतीय रुग्णांच्या हाती आला. भारतात शोधून भारतात विकले गेलेले मनोविकारावरचे औषध ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती, आजही ती फारशी सुलभ नाही. मुंबईच्या उपनगरांच्या इतिहासात या रेणूला त्याच्या योग्यतेची जागा मिळालेली नाही. गिरण्या-कारखान्यांच्या आठवणी निघतात, तिथल्या प्रयोगशाळांच्या क्वचितच.

१९७७ साली रॉजर पोर्सोल्ट आणि सहकाऱ्यांनी सक्तीच्या पोहण्याची चाचणी मांडली. काचेच्या उंच नळकांड्यात कोमट पाणी असते. पहिल्या दिवशी उंदराला त्यात १५ मिनिटे ठेवतात. तो आधी भिंतीवर चढू पाहतो, कडेकडेने पोहतो, शेवटी नाक पाण्यावर राहील इतपतच हालचाल करीत तरंगत राहतो. दुसऱ्या दिवशी त्याला ५ मिनिटे पुन्हा पाण्यात सोडतात आणि तो किती सेकंद नुसता तरंगला ते मोजतात. मधल्या २४ तासांत इमिप्रामिनच्या दोन-तीन मात्रा मिळालेला उंदीर कमी वेळ तरंगतो, जास्त वेळ धडपडतो. चाचणी स्वस्त, झटपट आणि बहुतेक ज्ञात औषधांना ओळखणारी होती, म्हणून ती सर्वत्र पसरली.

सेरोटोनिनवर काम करणारी फ्लुओक्सेटिनसारखी औषधे मात्र या मोजणीत अनेकदा निसटत. १९९५ साली अमेरिकेत डेटके, रिकल्स आणि लकी यांनी धडपडीचेच दोन भाग केले. नॉरअॅड्रेनॅलिन वाढवणाऱ्या औषधांनी उंदीर भिंतीवर चढण्याचा प्रयत्न अधिक करतो, तर सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांनी तो अधिक पोहतो. तरंगण्याचा वेळ दोन्हींत घटतो, पण तो वेळ निरनिराळ्या कामात खर्च होतो. वर्तनाच्या बारीक निरीक्षणाने दोन औषधकुळे वेगळी काढता येतात, याचे यापेक्षा नेटके उदाहरण या क्षेत्रात सापडणे कठीण.

चाचणीच्या मर्यादा तितक्याच ठळक आहेत. कॅफीन किंवा अॅम्फेटामिनसारखे उत्तेजकही तरंगण्याचा वेळ घटवते. म्हणून तोच उंदीर मोकळ्या चौकोनात किती फिरतो हे सोबत मोजावे लागते. तरंगणे म्हणजे हताशा, हा अर्थ माणसाने लावलेला आहे. सुटका नाही हे कळल्यावर शक्ती राखून ठेवणारा उंदीर कदाचित शहाणपण शिकलेला असेल. सर्वांत मोठी अडचण काळाची. माणसाला गोळी सुरू केल्यापासून आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात, इथे औषध एका दिवसात 'लागू' पडते. ही चाचणी औषध कोणत्या रासायनिक कुळातले आहे ते ओळखते, आजार बरा होण्याची प्रक्रिया ती दाखवत नाही. प्राण्याला होणाऱ्या क्लेशाच्या तुलनेत हाती येणारे ज्ञान पुरेसे आहे का, हा प्रश्न अलीकडे उघडपणे विचारला जातो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०२४ साली तिच्यावर बंदीच घातली. नुसत्या जुन्या सवयीने ही चाचणी करत राहण्याचे समर्थन आता करता येत नाही.

पॉल विल्नर यांनी १९८७ साली मांडलेली दीर्घ सौम्य ताणाची पद्धत जास्त प्रामाणिक आहे आणि जास्त कष्टाचीही. उंदराला कसलाही मोठा धक्का द्यायचा नसतो. एके रात्री पिंजरा कलता ठेवायचा, दुसऱ्या दिवशी भुसा ओला करायचा, मग रात्रभर दिवा चालू, कधी पिंजऱ्यात अनोळखी सोबती, कधी काही तास पाणी बंद. क्रम बदलता ठेवायचा, म्हणजे सवय होत नाही. काही आठवड्यांनी उंदराची गोडी जाते, हे शब्दशः खरे आहे. एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत १ टक्का साखरेचे पाणी ठेवले तर निरोगी उंदीर गोड पाण्याकडे वळतो, ताणाखालचा उंदीर पूर्वीइतका वळत नाही. आनंद देणाऱ्या गोष्टीतला रस संपणे हे नैराश्याचे गाभ्याचे लक्षण इथे मिलिलिटरमध्ये मोजता येते. तीन वलयांची औषधे रोज दिली तर ही गोडी तीन-चार आठवड्यांत हळूहळू परतते. माणसातला कालावधीही जवळपास तेवढाच आहे. पद्धतीचा दोष म्हणजे एका प्रयोगशाळेतला निकाल दुसरीत तसाच येईल याची खात्री नसते. ताण सौम्य असल्याने इमारतीत चाललेले ड्रिलिंग, पिंजरे धुणारा माणूस बदलणे, पावसाळ्यातली दमट हवा यांतले काहीही त्यात मिसळू शकते.

संप्रेरकांचे कोडे इथून गुंतते. फ्लुओक्सेटिनचा पहिला डोस उंदराचे कॉर्टिकोस्टेरॉन खाली आणत नाही, उलट चढवतो. कारण सेरोटोनिन हायपोथॅलॅमसला उद्युक्त करते. पहिल्याच दिवशी रक्त तपासणारा संशोधक हे औषध ताण वाढवणारे ठरवील. रोजचे उपचार काही आठवडे चालले की चित्र पालटते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रेडी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात इमिप्रामिन २ आठवडे दिले तेव्हा विशेष काही दिसले नाही. ८ आठवड्यांनी मात्र हायपोथॅलॅमसमधली सीआरएचची निर्मिती घटली आणि हिप्पोकॅम्पसमध्ये एमआरची वाढली. १९९३ साली रॉइल, होल्सबोअर आणि सहकाऱ्यांनी अमिट्रिप्टिलिन देऊन असेच पाहिले : ग्राही प्रथिने आधी वाढतात, आणि अनोळखी जागेत सोडल्यावर उसळणारे एसीटीएच व कॉर्टिकोस्टेरॉन त्यानंतर, आठवड्यांच्या हिशेबाने, मंदावते. टाकीतले पाणी उपसून टाकण्याऐवजी औषध बॉलकॉक दुरुस्त करते, असे या प्रयोगांवरून म्हणता येते. त्या उंदरांना प्रयोगापूर्वी दीर्घ ताण दिलेला नव्हता, ही मर्यादा लक्षात ठेवूनच.

मग वर्तन आणि संप्रेरक हातात हात घालून चालतात का? नेहमी नाही. दीर्घ सौम्य ताणाच्या प्रयोगांत साखरेची ओढ गेलेल्या उंदरांचे कॉर्टिकोस्टेरॉन काही प्रयोगशाळांत वाढलेले, तर काहींत नेहमीचेच आढळते. टिआनेप्टिनचे उदाहरण अधिक बोलके आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांच्या गटाने उंदरांना रोज ६ तास याप्रमाणे २१ दिवस जखडून ठेवले तेव्हा हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या. टिआनेप्टिन सोबत दिले तर त्या आखडल्या नाहीत. ताणाऐवजी नुसते कॉर्टिकोस्टेरॉन बाहेरून देऊन घडवलेला ऱ्हासही या औषधाने रोखला, म्हणजे संरक्षण संप्रेरक कमी करून मिळत नव्हते, त्याच्या पुढच्या टप्प्यावर मिळत होते. त्याच पद्धतीत फ्लुओक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन यांनी या फांद्या वाचवल्या नाहीत. दवाखान्यात ही सारीच औषधे नैराश्यावर दिली जातात, उंदराच्या मेंदूत त्यांचा मार्ग एक नाही. 'या औषधाने ताण कमी झाला' असे वाक्य लिहिणाऱ्याने ताण म्हणजे रक्तातला आकडा, पेशीचा आकार की प्राण्याचे वागणे, हे सांगितलेच पाहिजे.

मेंदूचे सगळे भाग ताणाला सारखे उत्तर देतात असेही नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की ज्या ताणाने हिप्पोकॅम्पसच्या पेशी आखडतात, त्याच ताणाने भीतीशी संबंधित अमिग्डालाच्या पेशींना नव्या फांद्या फुटतात. एका भागाला खत आणि दुसऱ्याला दुष्काळ देणाऱ्या ताणावर एकच गोळी दोन्हीकडे सारखी चालेल, ही अपेक्षा त्यानंतर भाबडी ठरली.

औषधाला आठवडे का लागतात, याचे एक उत्तर पेशीच्या आत आहे, आणि त्याची एक कडी मुंबईच्याच मुलुंड उपनगरात सापडते. तिथल्या होक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात नोएल डिसूझा आणि सहकाऱ्यांनी कोलिअस वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन वेगळे केले. हा रेणू पेशीच्या बाहेरच्या ग्राहींना वळसा घालून थेट आतल्या अॅडेनिलिल सायक्लेज विकराला जागे करतो आणि सायक्लिक एएमपी हा अंतर्गत निरोप्या वाढवतो. जगभरच्या प्रयोगशाळांत तो नित्याचे साधन झाला आणि १९८६ साली नैराश्याच्या प्राणिचाचण्यांतही तपासला गेला. सीबा १९९६ साली नोव्हार्टिसमध्ये आणि होक्स्ट १९९९ साली अव्हेंटिसमध्ये विलीन झाली. दोन्ही केंद्रांची मूळ नावे पुसली गेली, रेणू टिकले.

सायक्लिक एएमपीच्या या वाटेचा पाठपुरावा येल विद्यापीठात रॉनल्ड डूमन यांनी केला. त्यांच्या गटाने १९९५ साली दाखवले की दीर्घ उपचारांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफ या पेशीपोषक प्रथिनाची निर्मिती वाढते. २००० साली त्याच प्रयोगशाळेतून पुढचा निष्कर्ष आला : अनेक कुळांची औषधे काही आठवडे दिली तर हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी अधिक जन्मतात. नव्या पेशीला वाढून जाळ्यात सामील व्हायला लागणारे आठवडे आणि रुग्णाला वाट पाहावी लागणारे आठवडे जुळत होते. माऊसवरच्या प्रयोगांतून २०११ साली आणखी एक दुवा मिळाला : या नव्या पेशी नसतील तर ताणानंतर चढलेले संप्रेरक उतरायला वेळ लागतो. वर्तन आणि संप्रेरके यांची दोरी बहुधा या जागी गुंफलेली असावी.

डूमन यांच्याकडे संशोधन केलेल्या विदिता वैद्य २००० साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या आणि या प्रश्नांना मुंबईत घर मिळाले. त्यांच्या गटाचा २०१०चा प्रयोग तुलनेचा उत्तम नमुना आहे. नॉरअॅड्रेनॅलिनच्या स्रावाला आवर घालणारी अल्फा-दोन ही ग्राही योहिंबिनने बंद करून सोबत इमिप्रामिन दिले. भुकेल्या प्राण्याला अनोळखी उजेडाच्या जागेत खाणे ठेवून तो किती वेळ बिचकतो हे मोजणाऱ्या चाचणीत एरवी तीन आठवड्यांनी दिसणारा परिणाम ७ दिवसांत दिसला. नव्या पेशींची वाढ आणि पोषक प्रथिने यांनीही तोच वेग पकडला.

याच संस्थेतल्या दुसऱ्या प्रयोगमालेने वेळेचा आणखी एक अर्थ पुढे आणला : वय. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पिलांना रोज काही तास आईपासून दूर ठेवले, तर मोठेपणी ती अधिक भित्री निघतात. त्या कोवळ्या दिवसांत सेरोटोनिन-दोन गटाच्या ग्राही केटान्सेरिनने रोखल्या तर ती चिंता उमटत नाही, हे २०११ साली दिसले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात पिलांना जन्मापासून तीन आठवडे फ्लुओक्सेटिन दिले होते. प्रौढ उंदराला सावरणाऱ्या त्याच औषधाने या पिलांत मोठेपणी नैराश्यासारखे वर्तन उमटले. उंदराचे ते तीन आठवडे मेंदूच्या वाढीच्या ज्या टप्प्याचे आहेत तो टप्पा माणसात निराळ्या वयात पडतो. म्हणून या निष्कर्षावरून कोणत्याही रुग्णाची गोळी बदलण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय निघत नाही.

केटामिनने जुने वेळापत्रक मोडले. भूल देण्यासाठी वापरले जाणारे हे द्रव्य अल्प मात्रेत एकदाच दिले, तर दीर्घ सौम्य ताणाखालच्या उंदराची साखरेची ओढ परत येते, हे डूमन यांच्या गटाने २०११ साली दाखवले. याउलट संप्रेरकाची वाट थेट अडवण्याचा मार्ग माणसात फसला. जीआर बंद करणारे मिफेप्रिस्टोन भ्रमयुक्त नैराश्याच्या मोठ्या चाचण्यांत अपेक्षेप्रमाणे उतरले नाही.

भारतात असे प्रयोग प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० आणि त्याखालच्या १९९८च्या नियमांच्या चौकटीत, संस्थेच्या प्राणिनैतिकता समितीच्या संमतीने होतात. किती उंदीर आणि का, याचा हिशेब आधी द्यावा लागतो. या हिशेबात एक जुनी त्रुटी राहून गेली आहे. नैराश्य स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते, तरीही ताणाचे आणि औषधांचे बहुतेक अभिजात प्रयोग नर उंदरांवर झाले. मादीचे कॉर्टिकोस्टेरॉन मुळातच नरापेक्षा वरच्या पातळीवर असते, ताणात ते अधिक उसळते आणि चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रासोबत बदलते. तिला तुलनेत घ्यायचे तर रोज सकाळी, रक्त काढण्यापूर्वी, ती चक्राच्या कोणत्या दिवशी आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वहीत लिहावे लागते.